पाहणीचा शनिवार

"हे बरं, की हे?" त्यानं विचारलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत दिवा मालवलेला होता. समोरच्या भिंतीवर अक्षरांच्या ओळी उजळल्या होत्या आणि उंच खुर्चीत त्याची मुलगी गोटी बसली होती. नाकावर तपासणीची जड चौकट, पाय अधांतरी. त्यानं चौकटीतलं भिंग काढलं आणि तेच भिंग पुन्हा घातलं. ही त्याची जुनी खोडी. खोडी म्हणजे धंद्यातली खुबीच. त्या खुर्चीत बसलं की भलेभले घाबरतात. परीक्षेला बसल्यासारखं त्यांना वाटतं, आणि नापास व्हायला नको म्हणून ते समोरच्याला रुचेल ते बोलतात. तेच भिंग दोनदा घातलं की माणूस कळतो. जो म्हणतो, "अहो, दोन्ही सारखंच दिसतंय," त्याच्या पुढच्या उत्तरांवर भरवसा ठेवायचा. जो म्हणतो, "हां, आता कसं झकास!" त्याचा नंबर काढायला जरा जास्त वेळ लागणार हे धरून चालायचं.

गोटीनं दोन्ही हातांनी चौकट सावरत मान त्याच्याकडे वळवली.

"तुला कुठलं हवंय, बाबा?"

"मला? अगं, डोळे तुझे आहेत. माझा काय संबंध?"

"हो, पण तू सांग ना. म्हणजे मी तेच सांगते."

तो हसला. पोरं असलं काहीबाही बोलतातच. पण भिंग पेटीत ठेवताना त्याचा हात भलत्याच खाचेत गेला, आणि असं त्याचं कधी होत नसे. त्यानं दिवा लावला. गोटी डोळे मिचकावत खुर्चीवरून उतरली, तिनं चौकट काढून त्याच्या हातात दिली, आणि "नंबर वाढलाय का?" असं अगदी मोठ्या बायकांसारखं विचारलं. नाही, तो म्हणाला, नंबर आहे तेवढाच आहे. मग तिनं दप्तरातून सफरचंद काढलं आणि दुकानाच्या पायरीवर बसून खायला लागली. तो आतून तिच्या पाठीकडे बघत राहिला. ती म्हणाली ते डोळ्यांविषयी नव्हतं, हे त्याला कळलं होतं. कळूनही आपण हसलो, याचं त्याला मग वाईट वाटलं.

आज पाहणीचा, म्हणजे शाळा बघून एक निवडायचा, शनिवार होता. त्या एवढ्याशा शहरात सरकारी मधल्या शाळा दोनच, एक टेकडीवरची आणि एक पुलापलीकडची, आणि त्यांची तुलना करणं हा तिथल्या लोकांचा बारमाही उद्योग. सलूनवाल्याचं ठाम मत होतं की टेकडीवरची पोरं रोज चढउतार करून काटक होतात. पुलापलीकडे गणित पक्कं करून घेतात असं औषधवाली सांगायची, तिचा स्वतःचा मुलगा गणितात दोनदा आपटलेला असूनही. टेकडीवर वारा फार, पुलापलीकडे डास फार. टेकडीवरचे मास्तर प्रेमळ पण ढिले, पलीकडचे शिस्तीचे पण खडूस. माणसं हे सगळं इतक्या पोटतिडकीनं बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावं, एका शाळेतून राजे बाहेर पडतात आणि दुसरीतून चोर. गंमत अशी की दोन्ही शाळा एकाच नकाशावरून, एकाच खात्यानं, एकाच वर्षी बांधलेल्या होत्या. फक्त पुलापलीकडच्या मुकादमानं नकाशा उलटा धरला असं लोक सांगत, त्यामुळे टेकडीवर जे डावीकडे ते पलीकडे उजवीकडे. बाकी काळे फळे तेच, बाक तेच, भिंतींचा तो फिकट पोपटी रंगही तोच. मास्तरसुद्धा दर तीन वर्षांनी इकडचे तिकडे जात, म्हणजे प्रेमळ आणि ढिले मास्तर पूल ओलांडला की शिस्तीचे आणि खडूस होत असणार.

पण त्याला आणि गोटीच्या आईला शाळांमध्ये निवड करायची नव्हतीच. प्राथमिक शाळा बाजारात होती, दोन्ही घरांच्या मधोमध, त्यामुळे इतके दिवस भागलं. अर्धा आठवडा गोटी टेकडीच्या पायथ्याशी बाबाकडे, अर्धा आठवडा पुलापलीकडे आईकडे. तिचे दोन टूथब्रश होते, दोन उशा होत्या, चपलांचे दोन जोड होते. मधल्या शाळेला मात्र पत्ता एकच लागतो. शाळेच्या दिवसांत मूल ज्या घरी झोपतं, त्या बाजूची शाळा. दुसऱ्या घराच्या वाट्याला शनिवार-रविवार. आणि त्या शहरातली पद्धत अशी, की पाहणी झाल्यावर शाळेचं नाव मुलानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. शाळेच्या पडवीत टेबल मांडलेलं असतं, त्यामागे कारकून बसतो, फरशीवर खडूनं रेघ ओढलेली असते, आईबापांनी त्या रेघेच्या अलीकडे थांबायचं. फार पूर्वी कुणा नवराबायकोत त्या टेबलापाशीच जुंपली होती म्हणे, तेव्हापासून ही रेघ. बहुतेक मुलं धावत जाऊन नाव सांगत आणि धावत परत येत. त्यांच्या घरी सगळं आधीच ठरलेलं असे.

त्याच्या घरी काहीच ठरलेलं नव्हतं, आणि ते त्यानंच ठरू दिलं नव्हतं. गेल्या शनिवारी टेकडीवरची शाळा पाहून झाली, तेव्हा उतरताना गोटीनं विचारलं होतं, "बाबा, तुला कशी वाटली?" तो म्हणाला होता, "आधी दुसरी बघू. मग तुझं तू ठरव." आपण किती शहाण्यासारखं वागलो असं तेव्हा त्याला वाटलं होतं. ही शिकवण मामाची. ज्या मामाच्या हाताखाली तो चष्म्याचं काम शिकला, तो मामा सांगायचा, पेशंटच्या तोंडात शब्द कोंबायचे नाहीत. भिंग बदलताना आवाज बदलायचा नाही, भुवई हलवायची नाही, श्वाससुद्धा एकसारखा ठेवायचा. तुला काय वाटतं ते त्याला कळलं की संपलं, मग तो तुझ्या डोळ्यांनी बघतो आणि जन्मभर चुकीचा चष्मा घालून फिरतो. त्यानं हे इतकं मनावर घेतलं की ते दुकानात मावेना, घरी आलं. सुट्टीत कुठं जायचं, तर तुला आवडेल तिकडे. जेवायला काय करू, तर काहीही चालेल. लग्नानंतर घराला रंग द्यायची वेळ आली तेव्हा बायकोनं पन्नासदा विचारलं असेल, आणि तो पन्नासदा म्हणाला, तुला हवा तो. तिनं पिवळा दिला. त्या पिवळ्या भिंतींमध्ये तो कितीतरी वर्षं राहिला, आणि एकदा ताप आलेला असताना बोलून गेला, की हा पिवळा त्याला पहिल्या दिवसापासून सोसवत नाही. बायको हातात पातेलं घेऊन उभी होती. ती बस डेपोत वेळापत्रक बघायची, बोलणं तुकडा पाडणारं. "सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली. "इतकी वर्षं मी एका माणसाबरोबर राहते की कशाबरोबर?" आणि ज्या दिवशी तिनं वेगळं व्हायचं काढलं, त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो तिला म्हणाला होता, "तुला तसं बरं वाटेल का?" तिनं त्याच्याकडे पाहिलं, स्टुलावर बसली, आणि आधी हसली, मग रडली. आपण काही वाईट बोललो असं त्याला अजूनही वाटत नव्हतं. पण ते स्टूल त्याला आठवत असे, आणि तिचा तो हसण्यातून रडण्यात जाणारा चेहरा. जाऊ नकोस, एवढं म्हणायला हवं होतं. त्याला हवंही तेच होतं. तोंडातून भलतंच निघालं.

गोटी आईकडे असे तेव्हा तो उभ्या उभ्या जेवायचा. ओट्याशी, पातेल्यातूनच. ताट घ्यायचं म्हणजे बसायचं, बसायचं म्हणजे समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं. पाव आणला की अर्धा वाळून जायचा. संध्याकाळी दुकान बंद करायला तो उशीर लावायचा. पुसलेल्याच काचा पुसायचा, गिऱ्हाईक नसताना तपासणीच्या खुर्चीत स्वतःच बसून समोरच्या ओळी वाचायचा, त्या पाठ होत्या तरी. घरी पोचल्यावर तो गोटीच्या खोलीतला दिवा लावून ठेवायचा आणि आपल्या खोलीत अंधारात पडायचा. दाराखालच्या फटीतून तो उजेड दिसत राही, तेवढ्यावर झोप लागे. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. एकदा गोटीनं फोनवर विचारलं होतं, "मी नसते तेव्हा तू काय करतोस?" तिच्या जिवाला घोर नको म्हणून तो म्हणाला होता, "मजेत असतो की. शांतता असते, कामं उरकतात." तिकडून ती "बरं" म्हणाली होती. तो खूश झाला होता, की पोरीला आपण काही जाणवू दिलं नाही.

दुपारी ते दोघं पुलावरून चालत गेले. शाळेच्या फाटकाशी गोटीची आई उभी होती, डेपोतून तशीच आलेली, गळ्यात ओळखपत्र. "आलात वेळेवर," ती म्हणाली, आणि गोटीच्या केसांवरून हात फिरवून तिची क्लिप नीट केली. ती क्लिप सकाळी त्यानं लावली होती. मुख्याध्यापिका दारातच भेटल्या. त्या त्याच्या जुन्या गिऱ्हाईक, गोल चेहऱ्याच्या, मोठ्यानं हसणाऱ्या. "या चष्मेवाले! शाळा बघायला आलात, की आमच्या मास्तरांचे डोळे तपासायला? तपासाच एकदा, वह्या तपासताना फार चुका करतात." सगळे हसले. गोटीही हसली, पण आधी बाबाकडे बघून आणि मग आईकडे बघून. हे त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. ती प्रत्येक वर्गाच्या दारात तसंच करत होती. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या बघितल्या, की एक नजर इकडे, एक तिकडे. वाचनालयात पुस्तकाला हात लावायच्या आधी तेच. त्याच्या दुकानातली माणसं अशी बघत, घाबरलेली, बरोबर उत्तर कुठं लिहिलंय का ते शोधणारी. आज ते भाव अकरा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर होते. आपला चेहरा त्यानं सवयीनं आणखीच कोरा केला.

मग त्याला तिथं उभं राहवेना. "हात धुऊन येतो," असं पुटपुटून तो जिन्याखालून वळला. शिकायला तो स्वतः टेकडीवरच्या शाळेत होता, आणि पाय अजून तेच रस्ते धरून होते. जिन्याखाली डावीकडे, दुसरं दार. ते त्यानं ढकललं. आत नळ नव्हते. आत मोडके बाक एकावर एक रचलेले होते, एका कोपऱ्यात गुंडाळलेले नकाशे, एक पाय तुटलेला फळा, आणि सगळीकडे खडूचा आणि ओल्या लाकडाचा वास. नकाशा उलटा आहे हे साऱ्या शहराला ठाऊक, त्यालाही ठाऊक, तरी फसलाच. त्याला स्वतःचं हसू आलं. परत फिरायचं सोडून त्यानं एक बाक ओढला, त्यावर बसला, गुडघे जवळजवळ हनुवटीला लागले. बाहेरून पोरांच्या पायांचे आवाज येत होते. इथं आपल्याला कुणी शोधायला येणार नाही असं त्याला वाटलं, आणि त्यात काही नवीन नाही असंही वाटलं. सोमवारी नवी शाळा सुरू झाल्यावर कसं असेल, ते तो मनात मांडून पाहू लागला. सोमवार गेला. मंगळवार गेला. बुधवारी नेहमी गोटी यायची. त्या बुधवारी कुणी येत नाही. त्यापुढे त्याला मांडता येईना.

दार किरकिरलं. गोटी होती.

"इथं काय करतोयस? हात धुवायची जागा तिकडे आहे."

"चुकलो."

"उलटं आहे ना सगळं," ती म्हणाली, आणि येऊन त्याच्या शेजारी बसली. बाक कुरकुरला.

"बाबा, मला दोन्ही शाळा सारख्याच वाटतात."

"आहेतच सारख्या."

"मग मी काय सांगू?" तिनं त्याच्या बाहीचं बटण बोटांनी फिरवायला सुरुवात केली. "आई म्हणाली, तिला मी तिच्याकडे हवीय. पण तुझ्याकडे राहिले तरी ती रागावणार नाही म्हणाली. तू काय म्हणतोस?"

आता बोलायला हवं, हे त्याला स्वच्छ कळत होतं. शब्दही तयार होते, जिभेवर होते. पण ते बोलले की पोर त्याच्या डोळ्यांनी बघणार. मग ती पाच दिवस टेकडीखाली राहील ती त्याच्या दयेपोटी, आणि उद्या तिला आईची आठवण येईल तेव्हा ती तोंडातून शब्द काढणार नाही. तेव्हा गप्प राहणं हेच प्रेम, असं त्यानं स्वतःला बजावलं. आणि त्याखाली, अगदी तळाला, एक साधी भीती होती: आपण हव्या त्या गोष्टीचं नाव घेतलं आणि ती मिळाली नाही तर?

"तुला आवडेल ते सांग," तो म्हणाला. "मी आहेच."

तिनं बटण सोडलं. "बरं," ती म्हणाली. फोनवर म्हणाली होती तसंच.

पडवीत रांग छोटी होती. पुढचा एक मुलगा नाव सांगून उड्या मारत परत आला आणि त्याच्या बापानं त्याला खांद्यावर घेतलं. गोटी रेघ ओलांडून गेली. तो आणि गोटीची आई रेघेच्या अलीकडे शेजारी शेजारी उभे राहिले, पुष्कळ दिवसांनी इतके जवळ. तिनं हळूच विचारलं, "तू बोललास ना तिच्याशी?" त्यानं मान हलवली, ती हो होती की नाही ते त्याचं त्यालाच कळलं नाही. कारकुनानं मान वर करून काही विचारलं. गोटी टेबलाची कड धरून उभी होती. तिनं मागे वळून पाहिलं, या वेळी फक्त त्याच्याकडे, आणि पुष्कळ वेळ पाहिलं. तो कोऱ्या चेहऱ्यानं उभा राहिला. आयुष्यात कुठल्या पेशंटसमोर राहिला नसेल इतका स्थिर.

"पुलापलीकडची," गोटी म्हणाली. "म्हणजे ही."

तिघं फाटकापाशी आले. गोटीची आई जिंकल्यासारखी दिसत नव्हती. तिच्या कपाळावर आठी होती. आज शनिवार, आज रात्री गोटी आईकडे जाणार होती, तसं आधीच ठरलेलं होतं. गोटीनं दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "जाते मी," ती त्याला म्हणाली, आणि निघालीसुद्धा. तिची पाठ आणि ते हलणारं दप्तर बघताना त्याच्या आत काहीतरी सुटलं. ठरवून नव्हे. छातीतून कढ यावा तसं ते वर आलं आणि त्याला ते थांबवता आलं नाही.

"मला तू माझ्याकडे हवी होतीस," तो म्हणाला.

आवाज नको इतका मोठा निघाला. फाटकापाशी उभ्या दोन बायका वळून बघायला लागल्या. गोटीची आई जागच्या जागी थांबली.

"आज?" ती म्हणाली. "आत्ता सांगतोस? पोरीनं तिथं उभं राहून तुझ्या तोंडाकडे बघितलं, तेव्हा तुझी वाचा गेली होती का रे?" ती चिडली होती, आणि तिचे डोळे भरले होते. "बस एकदा सुटली की मग हात करून काय उपयोग?"

"नाहीच उपयोग," तो म्हणाला. "तिनं सांगितलंय तेच राहू दे. मला फक्त सांगायचं होतं."

गोटी परत आली. त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली आणि खाली बघून बोलली, "मला वाटलं, तुला एकट्याला बरं वाटतं. शांतता असते, कामं उरकतात. तूच म्हणाला होतास."

"खोटं बोललो होतो."

"मग काय असतं, मी नसते तेव्हा?"

नेहमीची उत्तरं त्याला सुचली, आणि ती सगळी त्यानं गिळली. "वाईट असतं," तो म्हणाला. "उभ्यानं जेवतो. तुझ्या खोलीत दिवा लावून ठेवतो. अजिबात आवडत नाही मला."

गोटी रडायला लागली. तोंड झाकून नाही, हुंदके देऊन नाही, नुसते गालांवरून ओघळ. त्यानं खाली बसून तिला जवळ घेतलं. बोलून आपण पोरीच्या जिवावर ओझं टाकलं हे त्याला कळत होतं. न बोलून टाकलेलं ओझं याहून हलकं नव्हतं, हेही आता कळत होतं. नाव बदलून येते म्हणून ती शाळेकडे वळली तेव्हा त्यानंच तिचा हात धरला. नको, तो म्हणाला, आईनं तुला वेळेवर सांगितलं, आणि तू तिचं ऐकलंस, त्यात काही चुकलेलं नाही. गोटीची आई थोड्या अंतरावर पाठमोरी उभी राहून ओळखपत्राच्या दोरीनं डोळे पुसत होती. मग ती वळली आणि तिनं हात पुढे केला, आणि गोटीनं बाबाच्या सदऱ्याला नाक पुसून तो हात धरला.

दोघी रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला पोचल्या. तिथून गोटी ओरडली, "मी पुढच्या शनिवारी येते!"

"लवकर ये!" तो इकडून ओरडला.

"किती लवकर?"

तुला जमेल तसं, असं म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं. ते त्यानं मिटलं.

"सकाळी," तो म्हणाला. "उठल्या उठल्या. तू येईपर्यंत मी खायचा थांबतो."